बीएस-४ गाडी, दिल्लीची हद्द आणि एका गाडीचा मालक : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की प्रदूषणाच्या नियमांमुळे तुमच्या गाडीच्या धंद्यावर काय परिणाम झालाय ते कळवा, तर पत्रं, व्हॉट्सॲप मेसेज, व्हॉइस नोट असं बरंच काही आलं आणि त्यातली बहुतेक माणसं एका गाडीची आहेत, म्हणजे स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर, हप्ता स्वतःच्या नावावर. बऱ्याच जणांचा प्रश्न दिल्लीचा आहे म्हणून यावेळचं सदर त्यालाच दिलंय. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराची सरकारी मर्यादा, पुढचा आकडा जेवढा मोठा तेवढा नियम कडक. नाव छापू नका असं सगळ्यांचंच म्हणणं होतं, त्यामुळे फक्त गाव दिलंय.

प्रश्न : भाऊ, माझी दहा चाकी गाडी आहे, २०१९ चं मॉडेल, बीएस-४. २०२२ ला सेकंड हँड घेतली, फायनान्सचे हप्ते अजून चालू आहेत. सावदा-रावेर भागातून केळी भरायची आणि दिल्लीला आझादपूर मंडीत टाकायची हाच माझा रूट, आधी ड्रायव्हर म्हणून आणि आता मालक म्हणून. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो की ऑक्टोबर २०२६ नंतर तुझी गाडी भंगार, आत्ताच विकून टाक, गिऱ्हाईक मी आणतो. रात्री झोप लागत नाही. काय करू?
– सावदा, जि. जळगाव

उत्तर : दादा, पहिली गोष्ट, घाईत कुठल्याही कागदावर सही करू नका. तुमची गाडी भंगार होत नाहीये, तिला फक्त दिल्लीत शिरायला बंदी होतेय, आणि या दोन गोष्टींमध्ये लाखो रुपयांचा फरक आहे.

नियम नक्की काय आहे ते आधी बघा. दिल्ली आणि आजूबाजूच्या भागाच्या हवेसाठी केंद्राचा एक आयोग आहे, सीएक्यूएम म्हणतात त्याला. त्यांच्या आदेशाप्रमाणे १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर नोंदणी झालेल्या बीएस-३ आणि त्याच्या आधीच्या मालवाहू गाड्यांना दिल्लीत प्रवेश बंद झाला. बीएस-४ ला मुदत दिली ती ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. त्यानंतर बाहेरची गाडी दिल्लीत न्यायची असेल तर ती बीएस-६ पाहिजे, नाहीतर सीएनजी, एलएनजी किंवा इलेक्ट्रिक. छोटा हत्ती असो का चौदा चाकी, लाइट, मीडियम, हेवी सगळ्यांना हेच लागू आहे. आणि मुदतीच्या आत पण हिवाळ्यात हवा फार बिघडली की ग्रॅप नावाचे टप्पे लागतात, हवेच्या प्रदूषणाचा आकडा म्हणजे एक्यूआय ४५० च्या वर गेला की चौथा टप्पा, त्यात जीवनावश्यक माल सोडला तर बीएस-४ डिझेल ट्रक बॉर्डरवरच थांबवतात. म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी या काळात ऐनवेळी रस्ता बंद होण्याची तयारी ठेवूनच भाडं धरायचं.

आता यातली कामाची गोष्ट. हा आदेश दिल्ली राज्याच्या हद्दीत शिरण्याचा आहे. कुंडली, सोनीपत हे हरियाणात येतं, गाझियाबाद, नोएडा उत्तर प्रदेशात. तिथे हवेचे दुसरे नियम आहेतच, पण हा प्रवेशबंदीचा आदेश दिल्लीच्या वेशीचा आहे. त्यामुळे काही जण आत्तापासूनच कुंडलीला माल क्रॉसिंग करायला लागलेत, म्हणजे आपली गाडी बॉर्डरच्या अलीकडे लावायची आणि माल लोकल सीएनजी गाडीत टाकून मंडीला पाठवायचा. ऐकायला सोपं वाटतं पण केळीच्या बाबतीत ते महागात जातं हे तुम्हाला मी सांगायला नको. कच्चा माल, एकदा शेतात हाताळला, एकदा भरताना, आता पुन्हा रात्री दोन वाजता रस्त्याच्या कडेला अनोळखी हमाल उचलणार. दाबला गेलेला फणा त्या वेळेला हिरवागारच दिसतो, डाग उठतो तो पिकवणीच्या चेंबरमधून बाहेर आल्यावर, आणि तोवर व्यापाऱ्याने भाव कापलेला असतो आणि नुकसान गाडीवाल्याच्या नावावर टाकलेलं असतं. वर दुसऱ्या गाडीचं भाडं, दुप्पट हमाली, तुमचा अर्धा दिवस. म्हणून क्रॉसिंग करायचंच असेल तर क्रेटमध्ये भरलेलाच माल घ्या, सुट्टे घड घेऊन त्या भानगडीत पडू नका, आणि "माल कुंडलीला पोच, पुढची जबाबदारी पार्टीची" हे बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीवर, लिहून घ्या. तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

पण माझं खरं मत विचाराल तर गाडी बदलायच्या आधी रूट बदलून बघा. बीएस-४ गाडी देशात बाकी सगळीकडे चालतेच. हैदराबाद, बंगळूर, इंदूर, रायपूर, नागपूर, यातल्या कुठल्या बाजूला तुमच्या भागातून कायमचं भाडं आहे आणि तिथून परतीचा माल मिळतो का याची चौकशी करा. उत्तरेकडे जायचंच असेल तर पानिपत, सोनीपत, भिवाडी इकडची भाडी बघा, दिल्लीत न शिरता जाता येतं. पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून दिल्लीला वळसा घालणारे दोन्ही पेरिफेरल एक्सप्रेसवे २०१८ लाच पूर्ण झालेत, ते त्यासाठीच बांधलेत.

मला यात खुपतं ते सांगतो. नियम गाडी बघून लावलाय आणि भार मात्र मालकाच्या ताकदीप्रमाणे पडतो. ज्याच्याकडे ४० गाड्या आहेत तो काय करतो? त्याच्या बीएस-६ गाड्या दिल्लीला लावतो, बीएस-४ खाली साउथला पाठवतो, आणि आदेशाची झळ त्याला फारशी लागत नाही. ज्याच्याकडे एकच गाडी आहे त्याला तेच करायचं तर पूर्ण धंदा उपटून दुसरीकडे लावावा लागतो, नवीन ट्रान्सपोर्टवाले, नवीन पार्ट्या, उधारी कोण बुडवतो कोण देतो याची माहिती शून्यापासून. दिल्लीची हवा वाईट आहे, ती सगळ्यात जास्त कोणाच्या छातीत जाते तर बॉर्डरवर रात्र रात्र लाइनीत उभ्या असलेल्या ड्रायव्हरच्या, त्यामुळे नियम नकोच असं मी म्हणणार नाही. पण मुदत देताना एका गाडीच्या मालकाला जास्त वेळ आणि नव्या कर्जावर व्याजात सूट दिली असती तर हाच नियम माणसांना पेलला असता. ही मागणी तुमच्या तालुक्याच्या संघटनेने लेखी करायला पाहिजे, आमदार-खासदारांकडे पण द्यायला पाहिजे.

आणि तो गिऱ्हाईक आणणारा ट्रान्सपोर्टवाला, तो तुमची गाडी पडत्या भावात घेऊन दुसऱ्या रूटवर चालवणार नाही कशावरून? भंगार असती तर गिऱ्हाईक कुठून मिळालं असतं? गाडी विकायचीच ठरली तर जिथे बीएस-४ ला मागणी आहे अशा बाजूला, दोन-तीन ठिकाणी भाव काढून विका, आणि आधी फायनान्स कंपनीकडून फोरक्लोजरचा, म्हणजे कर्ज मुदतीआधी पूर्ण फेडायचा, आकडा लेखी घ्या.

प्रश्न : माझ्या बीएस-४ गाडीत युरिया पडतो. मग ती बीएस-६ सारखीच झाली ना? आणि इथला एक जण म्हणतो, दोन लाख द्या, किट बसवून बीएस-६ करून देतो, दिल्लीला कोणी अडवणार नाही.
– येवला, जि. नाशिक

उत्तर : दोन लाख वाचवा दादा. असं कुठलंही किट नाही.

युरियाचा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो आणि त्याला कारण आहे. बीएस-४ च्या काळात काही कंपन्यांनी एससीआर म्हणजे धुरातला नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला युरिया फवारणारं तंत्र वापरलं, काहींनी ईजीआरवर, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवण्यावर, भागवलं. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन बीएस-४ गाड्यांमध्ये एकीला युरियाची टाकी आहे, दुसरीला नाही. टाकी आहे म्हणून गाडी बीएस-६ होत नाही. हेवी डिझेल इंजिनाला बीएस-४ मध्ये नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा एका किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम होती, बीएस-६ मध्ये ती ०.४६ वर आणली, म्हणजे सातव्या हिश्श्याच्याही आत. तिथपर्यंत यायला इंजिन, कॉम्प्युटर, सेन्सर, काजळी धरणारा डीपीएफ फिल्टर, सगळं एकत्र बनवून कंपनीने सरकारी टेस्टिंग संस्थेकडून मंजुरी घेतलेली असते. गॅरेजमध्ये डबा बसवून ते होत नाही, आणि झालं असं धरलं तरी आरसीवर चढणार कसं?

बॉर्डरवर टाकीचं झाकण उघडून कोणी बघत नाही, गाडीचा नंबर बघतात आणि वाहन पोर्टलवर त्या नंबरापुढे काय लिहिलंय ते बघतात. तुम्ही पण आत्ता मोबाइलवर एमपरिवहन हे सरकारी ॲप उघडा, आपला गाडी नंबर टाका आणि उत्सर्जन नॉर्म्सचा रकाना वाचा. तिथे भारत स्टेज ४ असेल तर गाडी बीएस-४, विषय संपला. काही जणांचं उलटं पण झालंय, २०२० च्या सुरुवातीला बीएस-६ गाडी घेतली आणि नोंदणीच्या वेळी रकाना चुकीचा भरला गेला किंवा रिकामा राहिला. तसं असेल तर कंपनीचा सेल सर्टिफिकेट फॉर्म २१ आणि बिल घेऊन आपल्या आरटीओत दुरुस्तीचा अर्ज आजच करा, मुदत जवळ आल्यावर तिथे गर्दी होणार आहे.

सीएनजीचं विचारणारे पण बरेच आहेत. डिझेल इंजिन काढून सीएनजी करायचं तर मंजूर किट, मंजूर सेंटर आणि आरसीवर इंधन बदलून घेणं हे तिन्ही लागतं. सिलिंडरचं वजन वाढतं तेवढा माल कमी भरला जातो, आणि लांबच्या रूटवर सीएनजीच्या लाइनीत जाणारे तास वेगळे. लोकल धंद्याला ठीक आहे, दीड हजार किलोमीटरच्या नाशवंत मालाला मी तरी सुचवणार नाही.

प्रश्न : २०१६ चं मॉडेल, बीएस-३ आहे. काही मार्ग?
– बार्शी, जि. सोलापूर

उत्तर : दिल्लीसाठी नाही. प्रवेशबंदी लागू झालेली आहे, आणि त्याशिवाय दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचा जुना आदेश आहे. त्यावर सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये कारवाई थांबवली होती पण डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं की हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांनाच आहे. तुमची गाडी महाराष्ट्रात, जवळच्या रूटला चालवा, ऊस, खडी, बाजार समितीचा माल. ८ वर्षं पूर्ण झाल्यामुळे पासिंग म्हणजे फिटनेस तपासणी आता दरवर्षी आहे आणि आपल्याकडचा पर्यावरण कर पण लागतो, तो भरल्याची पावती गाडीत ठेवत जा. या गाडीवर इंजिन कामाचा मोठा खर्च आता करू नका.

प्रश्न : नमस्कार. आमच्या ह्यांनी २०२१ ची बीएस-६ गाडी घेतली कारण डाळिंब, द्राक्षं घेऊन दिल्लीला जातात. नियमाचा त्रास नाही पण गाडीचाच खर्च इतका आहे की हिशोब मी लिहिते तर महिन्याला काही उरतच नाही. डीईएफ म्हणजे ते युरियाचं पाणी, सेन्सर, दोनदा तर गाडी रस्त्यात पिकप सोडून रांगायलाच लागली. मेकॅनिक म्हणतो एक छोटा डबा बसवतो, युरिया लागणारच नाही, फिल्टर पण पोकळ करून देतो. ह्यांचं मन झालंय. मला भीती वाटते. करावं का?
– सांगोला, जि. सोलापूर

उत्तर : ताई, तुमची भीती बरोबर आहे, अजिबात करू देऊ नका. हिशोब तुम्ही लिहिता हे फार चांगलं, कारण या प्रश्नाचं उत्तर हिशोबातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तो छोटा डबा म्हणजे एम्युलेटर. तो गाडीच्या कॉम्प्युटरला खोटं सांगतो की युरिया पडतोय. फिल्टर पोकळ केला की काजळी सरळ बाहेर. हे मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडीत बेकायदा बदल करणं आहे, मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडाहून मोठं नुकसान दुसरं आहे. तुम्ही बीएस-६ साठी जास्त पैसे मोजले ते दिल्लीच्या भाड्यासाठी, आणि डबा बसवला की ती गाडी कागदावर बीएस-६ आणि धुराला बीएस-३. पासिंगला अडकली, वॉरंटीत काम निघालं, विकायला काढली आणि गिऱ्हाईकाने स्कॅनर लावला, की जास्तीचे मोजलेले सगळे पैसे गेले.

आता खर्च कुठे होतोय ते बघू. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी, बस एवढंच. हेवी गाडीला साधारण १०० लिटर डिझेलमागे ४ ते ६ लिटर लागतं. सांगोल्याहून दिल्ली जाऊन-येऊन तीन हजार किलोमीटरच्या आसपास धरा, गाडी चारचं ॲव्हरेज देत असेल तर साडेसातशे लिटर डिझेल, म्हणजे ३० ते ४५ लिटर डीईएफ, २० लिटरच्या दीड ते सव्वादोन बादल्या. तुमच्या वहीत फेरीला यापेक्षा बरंच जास्त दिसत असेल तर एक तर गळती आहे, नाहीतर डोसिंगमध्ये म्हणजे युरिया सोडणाऱ्या यंत्रणेत बिघाड, नाहीतर बादली मध्येच कुठेतरी विकली जातेय. आणि फारच कमी दिसत असेल तर कोणीतरी आधीच काहीतरी करून ठेवलंय, ते पण तपासा.

सेन्सर वारंवार जातोय याचं बऱ्याच वेळा कारण म्हणजे ढाब्यावरची स्वस्त बादली. भेसळीचं डीईएफ, किंवा शेतीचा युरिया पाण्यात कालवून भरलेलं. शेतीच्या युरियात जे बाकीचे घटक असतात ते नोझलवर आणि पाइपात पांढरे खडे धरतात, नोझल बंद झालं की सेन्सर ओरडतो, कॉम्प्युटर आधी इंजिनाची ताकद कमी करतो आणि तरी दुर्लक्ष केलं तर गाडी चालण्याच्या वेगावर आणतो. रस्त्यात रांगायला लागली ती यामुळे. मोठ्या पंपावर मशीनमधून मिळतं ते घ्या किंवा सीलबंद बादली घ्या, आयएसओ २२२४१ लिहिलेलं बघा, बिल घ्या. बादली केबिनच्या वर उन्हात बांधून नेऊ नका, सोलापूरच्या उन्हात ती लवकर खराब होते. भरताना झाकणाभोवतीची धूळ आधी ओल्या फडक्याने पुसा, डिझेलची चाडी डीईएफला कधीच वापरू नका, डिझेलचे थोडे थेंब पण त्या टाकीचं काम बिघडवतात.

दुसरं डीपीएफ. फिल्टरमध्ये काजळी साठली की गाडी ती आपोआप जाळते, रिजनरेशन म्हणतात. त्याला सायलेन्सर बराच वेळ खूप गरम राहावा लागतो, हायवेला सलग चालताना ते होऊन जातं. पण रिजनरेशनची लाइट पेटलेली असताना जेवायला गाडी बंद केली, पुन्हा चालू, पुन्हा बंद, असं झालं की काम अर्धवट राहतं आणि फिल्टर तुंबत जातो. ह्यांना सांगा, ती लाइट दिसली की गाडी चालतीच ठेवायची किंवा सुरक्षित जागी, गवत-पाचट नसलेल्या ठिकाणी उभी करून कंपनीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे बटण दाबून पूर्ण होऊ द्यायचं.

आणि ताई, भाडं ठरवताना तुम्ही बीएस-६ आहात म्हणून जास्त मागायला सांगा. बीएस-४ वाले दिल्लीतून बाहेर पडले की आत जाऊ शकणाऱ्या गाड्या कमी होणार, तो फायदा ट्रान्सपोर्टवाल्याने एकट्याने घेऊ नये. खर्च तुम्ही उचललाय, दर तुम्ही लावा.

प्रश्न : फळं-भाजीला दिल्लीचा पर्यावरण चार्ज माफ होता ना? आता कापतायत. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो तो तुझ्या भाड्यातूनच जाणार.
– पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक

उत्तर : माफ होता हे बरोबर. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा चार्ज लावायला सांगितला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुप्पट करून लाइट आणि दोन एक्सलला १,४०० आणि तीन एक्सल व त्याहून मोठ्या गाडीला २,६०० रुपये केला, आणि भाजी, फळं, दूध, धान्य अशा मालाला सूट होती. त्या सुटीमुळे गाड्या तपासायला थांबवाव्या लागायच्या आणि लाइनीत उभ्या गाड्या अजून धूर करायच्या, असं कारण देऊन कोर्टाने २६ सप्टेंबर २०२५ ला ती सूट काढून टाकली. तेव्हा कापणारा माणूस चोरी करत नाहीये. पण हा चार्ज दिल्लीत माल नेण्याचा आहे, माल पार्टीचा आहे, तेव्हा तो भाड्याच्या वर वेगळा लावायला पाहिजे, जसा टोल काही ठिकाणी लावतात. भरायच्या आधी व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका, "भाडं इतकं, दिल्ली एंट्रीचे सगळे चार्ज पार्टीकडे", समोरून ओके आला की मगच गाडी लावा. पिंपळगावात रोज कांदा-टोमॅटोच्या कितीतरी गाड्या भरतात, चौघा-पाचांनी मिळून एकाच दिवशी हेच सांगितलं तर ट्रान्सपोर्टवाल्याला ऐकावं लागेल, एकट्याने सांगितलं तर तो पुढच्याला बोलावेल. टॅगवरून पैसे कटल्याची नोंद जपून ठेवा.

प्रश्न : महाराष्ट्रातली पीयूसी दिल्लीत चालते का?
– कोपरगाव, जि. अहिल्यानगर

उत्तर : चालते, देशभर चालते, बीएस-४ आणि बीएस-६ ला मुदत एक वर्षाची. पण ती खरी पाहिजे. १८ डिसेंबर २०२५ पासून दिल्लीत पीयूसी नसेल तर पंपावर इंधन देत नाहीत, आणि पीयूसी नसल्याचा कायद्यातला दंड १०,००० रुपयांपर्यंत आहे. घरबसल्या गाडीचा फोटो पाठवून काढलेली पीयूसी हातात असली तरी रस्त्यावर मशीन लावून तपासलं की धूर दिसणारच. डिझेलला फक्त धुराचा दाटपणा मोजतात, बीएस-४ ला १.६२ च्या आत पाहिजे. एअर फिल्टर, इंजेक्टर आणि टर्बोचा पाइप नीट असला की व्यवस्थित चालवलेली गाडी पास होते.

प्रश्न : वडिलांची गाडी जुनी झाली, आम्हाला आता दुसरी घ्यायचीये. नवीन परवडत नाही. मुंबई-पुण्यातही दिल्लीसारखं होणार का? जुनी बीएस-६ घेऊ की इलेक्ट्रिकसाठी थांबू? सबसिडी आहे म्हणतात.
– इस्लामपूर, जि. सांगली

उत्तर : मुंबईचा विषय सुरू झालाय एवढं नक्की. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने हवेच्या प्रश्नावर सुनावणी करताना मुंबई महानगर भागातून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का हे बघायला सांगितलं आणि राज्य सरकारने त्यासाठी समिती नेमली. माझा अंदाज असा की एका मोठ्या शहरात असा नियम रुळला की बाकीची शहरं तोच मसुदा उचलतात, आणि तुम्ही आता गाडी घेतली तर ती पुढची ८-१० वर्षं चालवणार. म्हणून बीएस-४ कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. आधीच ज्याच्याकडे आहे त्याने ती चालवावी, नव्याने कर्ज काढून कोणी घेऊ नये. आता दिल्ली भागातून बीएस-४ गाड्या आपल्याकडच्या बाजारात उतरतील आणि किंमत मोहात पाडणारी असेल, तेव्हा हे लक्षात ठेवा.

इलेक्ट्रिकसाठी केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना आहे, त्यातलं ट्रकांचं अनुदान जुलै २०२५ मध्ये जाहीर झालं, एका ट्रकला जास्तीत जास्त ९.६ लाख रुपये, देशभरात साधारण ५,६०० ट्रकांसाठी. त्यासाठी जुना ट्रक स्क्रॅप केल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. बंदरातून गोदामात, सिमेंट कारखान्यातून डेपोत अशा ठरलेल्या फेऱ्या करणाऱ्या कंपन्यांना ती उपयोगाची आहे. सांगलीहून द्राक्षं-हळद घेऊन कुठेही जाणाऱ्या एका गाडीच्या मालकाला चार्जर कुठे मिळणार याचं उत्तर आज नाही, आणि सबसिडी वजा करूनही जी रक्कम उरते तिला एका गाडीवर कर्ज देणारा फायनान्सर शोधणं अवघड आहे. तेव्हा थांबू नका.

जुनी बीएस-६ घ्या, पण बघून घ्या. १ एप्रिल २०२० नंतरची नोंदणी आहे एवढ्यावर समाधान मानू नका, एमपरिवहनवर रकाना बघा. सकाळी इंजिन थंड असताना जा, म्हणजे मालकाने आधीच गरम करून ठेवलेलं नसेल. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा, चांगल्या डीपीएफच्या गाडीत काळी काजळी फारशी लागत नाही, बोट डांबरासारखं काळं झालं तर फिल्टर फुटलाय किंवा पोकळ केलाय. चावी लावल्यावर चेक इंजिनची लाइट पेटून विझली पाहिजे, पेटलीच नाही तर बल्ब काढलाय असं समजा. डीईएफच्या टाकीच्या झाकणाशी पांढरे खडे साचलेत का बघा, आणि उलट टाकी एकदम कोरडी, धुळीने भरलेली असेल तर ती गाडी डब्यावर चाललीये. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील, पण स्कॅनर लावून जुने कोड आणि डीपीएफची स्थिती प्रिंट करून घ्या. मालक स्कॅनर लावू देत नसेल तर तिथून निघा. सौदा ठरला की "गाडीत उत्सर्जन यंत्रणेत कुठलाही बदल केलेला नाही" हे वाक्य करारात घाला, त्याच्या सहीखाली तारीख आणि त्या दिवशीचं किलोमीटर रीडिंग लिहा, आणि फायनान्सचा बोजा आरसीवरून उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.